स्क्रोल सॉवर रेघेबरहुकूम कापायला शिकताना

स्क्रोल सॉ म्हणजे बाकावर बसवलेली, बारीक पात्याची यांत्रिक करवत. तिच्यावर पहिली सरळ रेघ कापायला घेतली की चीर हळूहळू रेघेच्या उजवीकडे सरकते. लाकूड नाकासमोर सरळ ढकलले तरी सरकते. शिकणाऱ्याला वाटते आपला हात हलला. मग तो लाकूड घट्ट धरतो, डावीकडे दाबतो. पाते वाकते, रेघ आणखी बिघडते आणि शेवटी पाते तुटते. खरे तर यात हाताचा दोष फार थोडा असतो.

दोष पात्याच्या घडणीत आहे. या करवतीची बहुतेक पाती पोलादी पट्टीतून एका बाजूने दात कापून बनवतात. त्यामुळे दुसऱ्या बाजूला, बहुधा उजव्या, धातूची अगदी बारीक खरखरीत किनार उरते. ती बाजू जास्त धारदार राहते आणि पाते तिकडे ओढ घेते. हे यंत्र बिघडल्याचे लक्षण नाही, म्हणून त्याच्याशी झगडू नये. लाकडाची तुमच्याकडची कड किंचित उजवीकडे फिरवून घ्यावी आणि रेघ त्या तिरक्या दिशेनेच पात्यात सरकवावी. हा कोन साधारण ३ ते ५ अंशांचा असतो आणि पात्याच्या जातीनुसार बदलतो. तो शोधायला वाया गेलेल्या तुकड्यावर १० सेंटिमीटरची रेघ मारा आणि जोर न लावता तीवर कापत जा. पाते रेघेवर आपसूक टिकू लागले की यंत्र बंद करून तुकडा तसाच धरा आणि टेबलाच्या कडेशी रेघेचा कोन किती आहे ते पाहा. तेवढा कोन लक्षात ठेवला की सरळ रेघेची अर्धी अडचण संपते. धार लावून घडवलेली महागडी पाती कमी ओढ घेतात, पण शिकताना साधीच वापरावीत, म्हणजे हा कोन ओळखायची सवय लागते.

दुकानात जाण्यापूर्वी एक नावाचा घोळ मिटवून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘जिगसॉ’ म्हटले की हातात धरून चालवायचे यंत्र मिळते. त्यात यंत्र लाकडावर फिरते. स्क्रोल सॉमध्ये यंत्र बाकावर घट्ट बसवलेले असते, केसासारखे बारीक पाते जागच्या जागी खालीवर होते आणि लाकूड आपण फिरवतो. घरगुती यंत्राच्या पात्यापासून मागच्या खांबापर्यंतची जागा बहुधा १६ इंच, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटर असते. यापेक्षा लांब फळी पूर्ण गोल फिरवता येत नाही, मागे अडकते. हा आकडा पुढे पाटी कापताना लागेल.

पाती दोन प्रकारची असतात. काहींच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, काही सपाट असतात. दोन्ही साधारण ५ इंच लांब. पिनवाले पाते पटकन बसते, पण नक्षीच्या आतल्या भोकातून ते ओवायचे तर पिन जाण्याइतके मोठे भोक पाडावे लागते. सपाट पात्याला दीड मिलिमीटरचे भोक पुरते. नाजूक काम करायचे मनात असेल तर सपाट पाते पकडणारे यंत्रच घ्या. हा निर्णय नंतर बदलणे अवघड जाते.

पात्यांना नंबर असतात. २/० सर्वांत बारीकपैकी, मग १, ३, ५, ७, ९, १२ असे चढत जातात. ५ नंबरचे पाते साधारण १ मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड असते, इंचाला १२-१३ दात. कंपनीनुसार थोडा फरक पडतो. नंबर निवडताना हिशोब सोपा आहे: लाकडाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दात बसले पाहिजेत. दोनच बसले तर दात लाकडाला कापण्याऐवजी आपटतात, प्लाय फाटतो आणि तुकडा हातात थडथडतो. ५ नंबरचे तीन दात सुमारे ६ मिलिमीटरमध्ये बसतात, म्हणजे ६ मिलिमीटर ही त्याची खालची हद्द. ३ मिलिमीटरच्या प्लायला १ नंबर किंवा त्याहून बारीक लागते. २० मिलिमीटरच्या पुढे ७ किंवा ९ नंबर घ्या, कारण जाड लाकडात बारीक पाते तापते आणि आतल्या आत वाकते.

सरावाला मात्र १२ मिलिमीटर जाडीचे पाइन आणि ५ नंबरचे पाते ही जोडी उत्तम. नवशिक्याला वाटते पातळ लाकूड सोपे जाईल. ते फारच सोपे जाते, म्हणूनच शिकायला वाईट. ३ मिलिमीटरच्या प्लायमधून पाते इतके भरभर पुढे जाते की डोळ्याने चूक पाहून हाताने ती सुधारेपर्यंत रेघ मागे पडलेली असते. १२ मिलिमीटरमध्ये लाकूड स्वतःच वेग धरून ठेवते आणि विचार करायला सवड मिळते. पातळच कापायचे असेल तर तीन-चार तुकडे एकावर एक ठेवून कडेने चिकटपट्टी गुंडाळा आणि एकत्र कापा.

पाते बसवताना यंत्राचा प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. दात तुमच्याकडे आणि खाली तोंड करून हवेत. खात्री करायला बोट अलगद खालून वर फिरवा, दात अडकले तर पाते बरोबर आहे. काही पात्यांच्या खालच्या टोकाचे चार-पाच दात उलटे, वर तोंड केलेले असतात, म्हणजे लाकडाची खालची बाजू फाटत नाही. असे पाते बसवल्यावर यंत्र हाताने फिरवून पाते सर्वांत वर आणा. त्या वेळी दोन-तीन उलटे दात टेबलाच्या वर दिसायला हवेत, नाहीतर ते कापाला लागतच नाहीत. नव्या पात्यावर तेलाचा पातळ थर असतो. दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासून घ्या, तेलकट टोक पकडीतून निसटते. पकड घट्ट करताना पाते पिळले जात नाही ना, हे समोरून पाहा.

आता ताण. बहुतेक चुकांचे मूळ इथे असते आणि सुरुवातीला सगळेच पाते ढिले ठेवतात, तुटेल या भीतीने. ढिलेच पाते जास्त तुटते, कारण ते प्रत्येक वळणावर दुमडते. ताण दिल्यावर पाते सतारीच्या तारेसारखे बोटाने छेडून पाहा. स्वच्छ, उंच ‘टिंग’ असा आवाज आला पाहिजे. ‘ठप’ असा बसका आवाज म्हणजे ढिले. दुसरी खूण: पात्याच्या मध्यावर बोटाने बाजूला दाबले तर ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. पाते कापताना तापून थोडे लांबते, म्हणून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा छेडून पाहा.

टेबल आणि पाते काटकोनात आहेत का, हे टेबलाखालच्या अंशांच्या पट्टीवरून ठरवू नका. त्या पट्टीची रेघ जाड असते आणि एक अंशाची चूकही दिसणारी असते. छोटा गुण्या पात्याला लावून पाहा, पण गार्ड किंवा पकड आड आली तर गुण्या नीट टेकत नाही. त्यापेक्षा हा उपाय खात्रीचा. ४० मिलिमीटर जाडीचा ठोकळा टेबलावर ठेवून त्याच्या कडेला २-३ मिलिमीटर खोल चीर पाडा. यंत्र बंद करा. ठोकळा तसाच टेबलावर ठेवून अर्धा फिरवा, ती चीर पात्याच्या मागच्या बाजूला आणा. टेबल काटकोनात असेल तर पाते चिरेत वरपासून खालपर्यंत सहज बसेल. नसेल तर वर बसेल आणि खाली अडेल, किंवा उलट. अडते त्या फरकाच्या निम्मेच टेबल झुकवायचे आहे, कारण फिरवल्यामुळे चूक दुप्पट दिसते.

आणि सगळे जुळल्याची अंतिम परीक्षा गोलाची. १८ मिलिमीटर जाडीच्या फळीत दीड मिलिमीटरचे भोक पाडून आत ४० मिलिमीटर व्यासाचा गोल कापा. सुटलेली चकती फळीतून वरून ढकला, मग खालून ढकला. दोन्ही बाजूंनी सारखीच सुटली तर टेबल आणि ताण दोन्ही ठीक. एकाच बाजूने सुटते आणि दुसऱ्या बाजूने अडते, तर चकती शंकूसारखी कापली गेली आहे, म्हणजे टेबल झुकलेले. दोन्हीकडून अडते, तर मधोमध फुगवटा आला आहे, म्हणजे पाते कापताना वाकले. ताण कमी तरी होता, किंवा तुम्ही लाकूड बाजूला दाबत होता. ही चकती खिशात ठेवण्यासारखी आहे, एवढी ती खरे बोलते.

आता हात. लाकूड ढकलायचे नसते, पात्याला भरवायचे असते. घास घशात कोंबला तर ठसका लागतो, इथे पाते मागे वाकते आणि रेघ सोडते. दोन्ही हातांची बोटे टेबलावर टेकलेली, तर्जनी आणि मधले बोट लाकडावर, अंगठा कडेला. खाली दाब एवढाच की लाकूड उडू नये. पुढचा दाब पाते जितके खाते तितकाच. पाते मागे वाकताना दिसले की समजा तुम्ही घाई केली. बोटे पात्यापासून किमान २५ मिलिमीटर लांब आणि पात्याच्या रांगेत कधीही नाहीत. बांगड्या, मनगटावरचा दोरा, ओढणीचे टोक आधी आवरा. बारीक भुसा, विशेषतः एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा), नाकात जाऊ देऊ नका. साध्या रुमालाने तो थांबत नाही, एन-९५ मास्क लावा.

बसण्याची उंची अशी ठेवा की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. डोके पात्याच्या सरळ समोर. बाजूने वाकून पाहिले तर रेघ आणि पाते एकमेकांवर चढलेले दिसतात आणि चीर नेमकी त्या बाजूला सरकते. नजर दातांवर खिळवू नका, दातांच्या २-३ मिलिमीटर पुढे रेघेवर ठेवा. सायकल चालवताना कोणी पुढच्या चाकाकडे पाहत नाही, तसेच.

वेग मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्यांपर्यंत बदलता येतो. शिकताना ८०० च्या आसपास ठेवा. अ‍ॅक्रिलिक कापताना अगदी कमी, नाहीतर ते वितळून पात्यामागे पुन्हा चिकटते.

रेघेवरून सुटलात तर झटक्याने परत येऊ नका. झटक्याने आले की तिथे दात दिसणारी खोच पडते आणि ती पॉलिश पेपरने जात नाही. १०-१५ मिलिमीटरच्या अंतरात हळूहळू रेघेवर या. लाकडावर चिकटवलेला आराखड्याचा कागद काढल्यावर रेघ उरत नाही, उरतो तो वळसा, आणि वळसा सुबक असेल तर डोळ्याला खटकत नाही. म्हणून शिकताना ‘रेघेवर’ कापायची सक्ती करण्यापेक्षा ‘रेघेच्या बाहेरच्या काठाला’ कापायचे ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. रेघ ०.५ मिलिमीटरपेक्षा जाड छापू नका, जाड रेघेत नेमके कुठे चालायचे हे हात ठरवू शकत नाही. छापताना आकार १०० टक्के ठेवा, कागदात मावेल तसा छोटा होऊ देऊ नका.

कागद चिकटवायची रीतही काटेकोरपणाचाच भाग आहे. आधी लाकडावर मास्किंग टेपचे पट्टे शेजारी शेजारी लावा, त्यावर ग्लू स्टिकने कागद. काम झाल्यावर टेप ओढली की सगळे एकदम निघते. थेट लाकडावर चिकटवलेला कागद खरवडावा लागतो आणि खरवडताना नाजूक भाग मोडतो. कागदावर वरून पारदर्शक चिकटपट्टीचा आणखी एक थर दिला तर पाते कमी तापते आणि सागवानासारख्या लाकडात कापाच्या कडा काळ्या पडत नाहीत.

कोपरे दोन तऱ्हेने वळवतात. बाहेरच्या, म्हणजे टोकदार कोपऱ्याला टाकाऊ भागात जा, छोटा वळसा घ्या आणि दुसऱ्या रेघेवर या. आतल्या कोपऱ्यात वळशाला जागा नसते. तिथे कोपऱ्यापर्यंत कापा, लाकूड केसभर स्वतःकडे ओढा, म्हणजे दात लाकडापासून सुटतील, आणि पाते चालू असतानाच लाकूड पात्याभोवती जागच्या जागी फिरवा. पात्याची पाठ आणि बाजू घासतात, दात कापत नाहीत. पहिल्या दहा-बारा वेळा कोपरा गोल होईल, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. तोवर दुसरा मार्ग आहे: कोपऱ्यापासून ६ मिलिमीटर मागे या, तिथून टाकाऊ भागातून वळून दुसरी रेघ धरा, आणि मग त्या बाजूने कोपऱ्याकडे परत कापत या.

पाते बोथट झाल्याची खूण म्हणजे तुम्हाला नकळत ढकलावे लागते. लाकडाचा जळका वास येतो, रेघ सुटू लागते. टणक लाकडात बारीक पाते अर्धा तासही टिकत नाही. पाती डझनाच्या हिशोबाने विकतात, कारण ती संपायचीच वस्तू आहे. पाते वाचवायला गेले की काम वाया जाते.

एवढे हाताखाली आले की देवनागरी अक्षरे कापून घराची पाटी करा. आपल्या लिपीची या कामात मोठी सोय आहे. रोमन अक्षरे सुटी सुटी पडतात, ती एकेक करून जुळवून चिकटवावी लागतात. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते आणि अख्खा शब्द एकाच तुकड्यात निघतो. ‘वसंत’ हा शब्द घ्या. आतून कापायची बंद पोकळी दोनच: एक ‘व’च्या पोटातली, दुसरी ‘स’मध्ये शिरोरेषा, उभी दांडी आणि मधली आडवी रेघ यांनी कोंडलेली. बाकी सगळे खाच खालून उघडे आहेत. अडचण एकच, अनुस्वार. तो शिरोरेषेच्या वर सुटा तरंगतो आणि कापला की गळून पडतो. म्हणून आराखड्यातच टिंब खाली आणून त्याचा पाव भाग शिरोरेषेत रुतवा, किंवा ३ मिलिमीटर रुंदीची मान ठेवून जोडा. हे कागदावर ठरवायचे, कापताना सुचून उपयोग नाही. ‘ब’ आणि ‘ष’ असलेल्या नावात एकेका अक्षरात दोन पोकळ्या येतात, तेवढी भोके आधी मोजून ठेवा.

पाटीला ६ मिलिमीटरचा प्लाय घ्या, दारावर पावसाची झड लागत असेल तर आयएस ७१० खुणेचा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. एमडीएफ पहिल्याच पावसाळ्यात फुगतो. स्वस्त प्लायच्या आतल्या थरात पोकळी असते आणि ती नेमकी दांडीत निघते, म्हणून कड नीट पाहून तुकडा निवडा. आख्ख्या लाकडात इथे धोका आहे: रेषे शिरोरेषेच्या दिशेने ठेवले तर प्रत्येक उभी दांडी रेषांना आडवी येते आणि बोटाने मोडते. प्लायमध्ये थर आलटून पालटून असतात, त्यामुळे दांडी टिकते. तरीही वरच्या थराचे रेषे उभ्या दांड्यांच्या दिशेने ठेवा, कारण दांडी फक्त वरच्या टोकाला धरलेली असते. दांडी आणि शिरोरेषा ९ मिलिमीटर रुंद, अक्षराची उंची ७५ मिलिमीटर हे पहिल्या पाटीला बेताचे माप. आडनावासकट पाटी ४०० मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर दोन शब्दांचे दोन तुकडे करा.

भोके टाकाऊ भागात, रेघेपासून २ मिलिमीटर आत पाडा. खाली जाडसर तुकडा ठेवून पाडा, म्हणजे मागची बाजू फाटत नाही, आणि तरीही उठलेला तुसा पॉलिश पेपरने काढा, नाहीतर फळी टेबलावर सपाट बसत नाही. वरची पकड सोडा, पाते भोकातून ओवा, पुन्हा ताण द्या, पुन्हा छेडा. ‘व’च्या पोटात जाताना भोकातून रेघेवर काटकोनात जाऊ नका, तिथे खळी पडते. घसरत, वळणाला मिळून रेघेवर जा, जसा जोडरस्ता हमरस्त्याला मिळतो.

आतल्या पोकळ्या आधी, मग दांड्यांमधले खाच खालून वर, आणि शिरोरेषेची वरची कड सगळ्यांत शेवटी. तोवर वरची फळी नाजूक दांड्यांना आधार देत राहते. शिरोरेषेची खालची कड अक्षराअक्षरात तुटक दिसते, पण डोळा ती एकाच रेघेत जोडून वाचतो. एका खाचात अर्धा मिलिमीटर वर गेलात तर शब्द वाकडा वाटतो. तिथे रेघेच्या खाली थोडे लाकूड राखून कापा आणि नंतर सपाट कानशीने सगळ्या खाचांचा माथा एका पातळीत आणा. वरची कडही अनुस्वाराच्या दोन्ही बाजूंना सपाट पट्टीला चिकटवलेल्या १८० नंबरच्या पॉलिश पेपरने सरळ करा. टेप काढताना शिरोरेषेकडून दांडीच्या टोकाकडे ओढा. उलट ओढली तर ‘त’चे शेपूट टेपबरोबर येते.